नळीतले सासरे

माझे सासरे एक नसून निदान तीन माणसं आहेत आणि त्यांतली एक तरी बाई आहे, असं मला एका प्रयोगशाळेने फोन करून कळवलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. प्रकाशा गावी, तापीच्या काठी, त्यांची केळीची बाग आहे. लग्न झाल्यापासून मी त्यांना पाहतो आहे आणि प्रत्येक वेळी ते मला एकटेच दिसले आहेत. त्यामुळे तो फोन आला तेव्हा मी खडू हातात धरून वर्गात तसाच उभा राहिलो. (मी नंदुरबारला कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. हे वाक्य लिहायला मला आता जरा धीर लागतो.)

पण सुरुवातीपासून सांगतो.

मामांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली, म्हणून सुरतेला नेऊन तिच्यात स्प्रिंग बसवून आणली होती. सगळं छान झालं. मामा पुन्हा बागेत जायला लागले, आणि एक दिवस पाणी भरता भरता छाती धरून बांधावर बसले. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. झटका नव्हता, पण त्यांना काळजी वाटली.

"रक्त पातळ ठेवायची गोळी तर नियमित घेतात. काही लोकांच्या शरीरात ही गोळी लागूच पडत नाही," त्या म्हणाल्या.

"मग दुसरी द्या ना!" माझी बायको वैशाली म्हणाली.

"दुसरी फार जोरकस आहे. त्यांना मागे पोटात रक्तस्राव झाला होता ना? ती उगाच दिली तर तो पुन्हा होईल. आणि ही चालत नसताना हीच ठेवली, तर स्प्रिंगमध्ये गुठळी धरेल. आपण त्यांच्या जनुकांची तपासणी करून घेऊ. कोणती गोळी द्यायची ते त्यावरून ठरवता येईल."

वैशालीचा चेहरा उतरला. माझाही उतरला असता, पण 'जनुक' हा शब्द कानावर पडताच माझ्यातला मास्तर खडबडून जागा झाला! मी खुर्ची मामांकडे वळवली आणि सुरू झालो. "मामा, ही गोळी पोटात कच्ची जाते. तुमच्या केळीसारखी. शरीर तिला पिकवतं, मग ती कामाला लागते. काहींचं शरीर तिला पिकवत नाही."

मामांनी मान डोलावली. "म्हणजे मन्हा पोटमा केळं कच्चंच ऱ्हास."

"अगदी बरोबर!"

मी डॉक्टरीणबाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी मला तिथेच एखादं पदक द्यावं. त्यांनी एक प्लास्टिकची नळी दिली. नळीवर एक रेघ. या रेघेपर्यंत थुंकी भरायची, आधी अर्धा तास खाणं नाही, पिणं नाही, तंबाखू नाही. मग झाकण घट्ट लावायचं, हलवायचं, की काम झालं.

"इथेच बसा अर्धा तास, मामा. माझ्यासमोरच देऊन टाका," बाई म्हणाल्या.

मामा माझ्या कानाशी आले. "ती आमना गावनी आंडेर शे. गावनी लेकना समोर थुकू? माले जमाव नही."

"काही काळजी करू नका, डॉक्टर," मी छाती काढून म्हणालो, "मी घरी माझ्यासमोर करून घेतो. मी हेच तर शिकवतो!"

रविवारी नळी घेऊन आम्ही प्रकाशाला गेलो. वैशाली घरात पोचताच देवळाकडे गेली, वडिलांच्या नावाने बोललेला नारळ फोडायला. घरात मामा, मामी, मामांचे धाकटे भाऊ नाना आणि मामांची मोठी बहीण अक्का. अक्का म्हणजे त्या घराचं उच्च न्यायालय. मी सगळ्यांना ओळीने बसवलं, नियम समजावले आणि नळी मामांपुढे धरली.

"आता या नळीत थुंका."

मामा नळीकडे बघत होते, नाना माझ्याकडे आणि अक्का आढ्याकडे.

"तुमना समोर?" मामांनी विचारलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामांच्या गालात दिवसभर तंबाखू असते, पण मी त्यांना थुंकताना कधीही पाहिलेलं नाही. माझ्या मोटरसायकलचा आवाज गल्लीत आला, की ते मागच्या दाराने जाऊन तोंड मोकळं करतात, चूळ भरतात, टोपी नीट करतात आणि मग पुढे येऊन "या, जवाईबापू" म्हणतात. जावई म्हणजे त्या घरात विष्णूचा अवतार. त्याच्यासमोर मामी मोठ्याने हसत नाहीत, नाना बनियनवर बसत नाहीत. आणि मी म्हणत होतो, थुंका!

"जवाईसमोर थुकाले मन्हा भाऊ काय बेशरम शे?" अक्कांनी निकाल दिला.

"अहो अक्का, हे औषधासाठी आहे!"

"औषध भी मागला घरमा लेतस लोके. तुम्ही ओटावर बठा. नळी दी टाका अठे."

मी प्रतिकार करून पाहिला. पण मामींनी तोवर ओट्यावर सतरंजी घातली होती, पुढे शेवेची थाळी ठेवली होती आणि नळी माझ्या हातातून कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही. मी ओट्यावर बसून शेव खाऊ लागलो. मधून मधून आत ओरडून शास्त्रीय मार्गदर्शन करत होतो.

"फेस धरू नका हो! नुसतं पाणी पाहिजे!"

आतून नानांचा आवाज आला. "दादा, जोर लाव ना!"

"तोंड कोल्लं व्हई गयं भो. तंबाखू नही, पानी नही, थुक कोठून आणू?"

"चिंच दखाडा त्याले! वहिनी, चिंच आण!" अक्कांनी फर्मावलं.

दारातून दिसलं, मामी लगबगीने कोठीकडे गेल्या आणि चिंचेचा गोळा घेऊन परतल्या. थोडा वेळ कुजबूज झाली. मग मामी तोंड पदराने पुसत बाहेर आल्या. मला वाटलं, नवऱ्याच्या काळजीने भरून आलं असेल. पाठोपाठ नाना मिशा पुसत आले. मला वाटलं, आत ताक वाटप चाललंय आणि मला विसरले. शेवटी अक्का आल्या, त्याही तोंड पुसत, आणि त्यांच्या दोन्ही हातांत झाकण लावलेली नळी. रेघेला रेघ! एक थेंब कमी नाही की जास्त नाही!

"वा, मामा!" मी उजेडात नळी धरून म्हणालो. "याला म्हणतात आदर्श नमुना. कॉलेजात नेऊन मुलांना दाखवावासा!"

मामा दाराआडून नम्रपणे हसले. नळी डॉक्टरीणबाईंकडे गेली, तिथून प्रयोगशाळेत गेली. बाईंनी पाकिटावर नंबर माझाच टाकला होता, कारण मी तसा आग्रह धरला होता. आणि मग मी वर्गात असताना तो फोन आला.

"सर, रुग्ण तुमचे कोण?" पलीकडून एका तरुण मुलीचा फार सभ्य आवाज.

"सासरे."

"म्हणजे पुरुषच ना?"

"हो."

"नक्की?"

"अहो बाई, मला त्यांची मुलगी दिली आहे!"

"नाही, म्हणजे नमुन्यात बाईचाही अंश दिसतो आहे. आणि एकूण माणसं एकापेक्षा जास्त आहेत. निदान तीन. सर, नमुना घेताना तुम्ही समोर होता का?"

पहिल्या बाकावरची मुलं कान टवकारून ऐकत होती. मी म्हणालो, "जवळच होतो."

"जवळ म्हणजे?"

"ओट्यावर."

हे ऐकून डॉक्टरीणबाई तर इतक्या हसल्या, की पुढचा पेशंट आत डोकावून गेला. पण हसून झाल्यावर त्या गंभीर झाल्या. "सर, वेळ जातो आहे. गोळी कोणती द्यायची ते मला अजून कळलेलं नाही. यावेळी तुम्ही डोळ्यांनी बघा. ओट्यावरून नको."

दुसरी नळी घेऊन आम्ही पुन्हा प्रकाशाला. यावेळी वैशालीला मी देवळात जाऊ दिलं नाही. मी सगळ्यांना समोर बसवलं आणि पोलिसी आवाजात विचारलं, "नळी कोणी भरली?"

कोणी घाबरलं नाही. उलट सगळे माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहू लागले.

"दादाना थुक निम्मा बी नव्हता," नाना म्हणाले. "मंग मी हात लावा."

"मी भी थोडं दिधं," मामी लाजत म्हणाल्या.

"उरेल मी पुरं करं," अक्का म्हणाल्या. "घरनं काम शे. सगळासनी हात लावाले पाहिजे."

"आणि शेजारनी काकू?" नानांनी आठवण करून दिली.

"हां. ती मागला दारथून इरजन मागाले उनी व्हती. रेघले जरासंच कमी पडे, मंग तिनी भी दिधं."

म्हणजे एकूण पाच! प्रयोगशाळेने कमीच मोजले होते. वैशालीने ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, एवढं मला नक्की माहीत आहे.

"अहो, पण तपासणी मामांची आहे!" मी कळवळून म्हणालो.

"मंग? एकच घर, एकच रगत!" अक्का म्हणाल्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मास्तर! मी म्हणालो, "अक्का, मामींचं रक्त वेगळं. त्या तर दुसऱ्या घरच्या."

मामींचा हात पदराकडे गेला. "दुसरा घरनी? इतला वरीस या घरना भाकरी थापी ऱ्हायनू मी. आते मी परकी?"

"तसं नाही, मामी, शास्त्राप्रमाणे..."

"मन्ही वहिनीले परकी म्हणतस?" अक्का कडाडल्या. नणंद-भावजयीचं त्या घरात कधी जमलं नव्हतं. चुलीवरून, ताकावरून, उन्हात घातलेल्या पापडांवरून रोज खटके. ते भांडण मी एका वाक्यात मिटवलं! दोघी एकमेकींना टेकून बसल्या आणि चार डोळे माझ्यावर रोखले.

"ठीक आहे, ठीक आहे. पण नाना, भावाभावांतसुद्धा फरक असतो. तुमच्यात आणि मामांमध्ये..."

"काय फरक?" नाना उठून उभे राहिले. "मी दादाना भाऊ नही?"

"आहात! पण निम्मे निम्मे!"

"निम्मा भाऊ?" नानांचा आवाज चढला. "आमनी जमिननी वाटनी आजून व्हयनी नही, आनि तुम्ही थुकनी वाटनी कराले बठनात?"

गल्लीत लोक थांबायला लागले. विरजणवाल्या काकू तर थेट आत आल्या, आपलं योगदान वाया गेलं का, हे विचारायला. मी हातवारे करून आई-वडिलांची जनुकं समजावत होतो आणि दर वाक्याला आणखी एक नातं तोडत होतो. इतक्यात मामा हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग टोपी हलेपर्यंत. आणि हसता हसता त्यांचा हात छातीवर गेला.

नाना खाली बसले. मामींनी पाणी आणलं.

"काही नही. जरासं दुखस," मामा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "जवाईबापू, चूक मन्ही शे. डॉक्टरीणले समजत नही कोणती गोळी देवानी, आनि मी इतलुशी नळी भरी नही ऱ्हायनू. पण तुमना समोर... काय करू, तोंडच कोल्लं पडी जास."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. माझा या माणसावर फार जीव आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा बागेतला सगळ्यात चांगला घड माझ्यासाठी राखून ठेवणारा हा माणूस. गोळी चुकली तर काय होईल, हे मला त्या घरात सगळ्यांपेक्षा जास्त नीट माहीत होतं, आणि त्यामुळे सगळ्यांपेक्षा जास्त भीती मलाच वाटत होती. मी म्हणालो, "मामा, माझी लाज धरू नका. मी बाहेर गेलो असतो, पण यावेळी मला बघावंच लागेल."

मामांनी प्रयत्न केला. नळी तोंडाशी नेली, माझ्याकडे पाहिलं, नळी खाली घेतली. पुन्हा नेली, पुन्हा घेतली. शेवटी सगळ्यांनी उच्च न्यायालयाकडे पाहिलं.

अक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "पंगतमा पहिला घास कोण लेस?"

"जवाई," मामी म्हणाल्या.

"जवाईनी घास लिधा, की मंग सगळा जेवतस. नही का?"

"हो," मी म्हणालो. मला अजून कळलं नव्हतं.

"मंग पहिले तुम्ही थुका."

वैशालीने आता तोंड लपवायचंही सोडून दिलं. ती सरळ जमिनीवर बसून हसत होती. मी म्हणालो, "अक्का, मी? इथे? सगळ्यांसमोर?"

"तुमले लाज वाटस?" अक्कांनी विचारलं.

नाना आतून पितळी लोटी घेऊन आले आणि ती माझ्यापुढे पाटावर ठेवली. मामींनी सवयीने पाटाभोवती रांगोळीची रेघसुद्धा ओढली! (जावयापुढे काही ठेवायचं तर रांगोळीशिवाय कसं?) मी लोटीवर वाकलो. समोर सासू, आत्येसासू, चुलतसासरे, शेजारीण, खिडकीत निम्मी गल्ली. आणि माझ्या तोंडात वाळवंट! रोज पाच पाच तास बडबडणारं हे तोंड, त्यात एक थेंब शिल्लक नव्हता.

"जोर लावा, जवाईबापू!" नाना ओरडले.

"फेस नको करा, नुसतं पानी पाहिजे," मामी म्हणाल्या. माझंच मार्गदर्शन मला परत!

"चिंच दखाडा त्यासले!" काकू म्हणाल्या.

चिंचेचा गोळा माझ्या नाकासमोर फिरू लागला. खिडकीतून कोणीतरी "लिंबू बी दखाडा!" अशी सूचना केली. मी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि लोटीत थुंकलो. 'टण्' असा खणखणीत आवाज झाला. सगळ्या घराने श्वास सोडला, खिडकीत टाळ्या पडल्या, आणि मामा इतके हसले, इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तोंडालाही सुटलं.

"आण ती नळी!" ते म्हणाले.

आणि त्या माणसाने माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांना डोळा भिडवून, नळी भरली. रेघेपर्यंत. एकट्याने. नानांचा हात दोनदा आपोआप पुढे आला, तो मी धरून ठेवला.

यावेळी प्रयोगशाळेने कळवलं, की नमुना एकाच माणसाचा आहे आणि तो पुरुष आहे. मला इतका आनंद झाला, की मी त्या मुलीला पेढे पाठवू का असं विचारलं. खरी बातमी त्यापुढे होती. मामांच्या शरीरात ती गोळी खरंच पिकत नव्हती. इतके दिवस ते कच्चं केळंच गिळत होते. डॉक्टरीणबाईंनी लगेच गोळी बदलली, पोट सांभाळायला दुसरी जोडून दिली, वरचेवर तपासायला बोलावलं. हळूहळू छातीतलं दुखणं थांबलं. या हंगामात घड उतरवताना मामा स्वतः बांधावर उभे राहून नानांना रागावत होते, आणि वैशाली फोनवर तो आवाज ऐकून रडली. त्यावेळी मात्र ती खरंच रडली, आणि मीही.

तर, मामा बरे आहेत. प्रश्न माझा आहे.

परवा खापर गावी एका लग्नाला गेलो होतो. मांडवात मामांनी माझा हात धरला आणि मला एका पागोटेवाल्या म्हाताऱ्यांपुढे नेऊन उभं केलं.

"हाऊ मन्हा जवाई. याना मुळे मी आज जित्ता शे."

"हां हां," म्हातारबा आदराने म्हणाले, "कॉलेजमा प्रोफेसर शेतस, तेच ना?"

मी शर्टाची कॉलर नीट केली आणि जरा ताठ उभा राहिलो.

"ते ऱ्हाऊ द्या," मामा अभिमानाने म्हणाले. "पण थुकतस कितला झकास!"

म्हातारबांनी मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आणि आपली खुर्ची हळूच चार हात मागे घेतली.